माडावरचं मडकं

“गळ्याक दोरी, पन फाशी नाय. पोट भरलेला, पन खाल्ल्यान नाय. सांगा काय तां?”

आजीने हे हुमाण घातलं तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा असेन. मे महिना, लोडशेडिंग, लोट्यावर म्हणजे ओटीवर एक कंदील आणि त्याच्याभोवती आम्ही सहा-सात पोरं. मालवण आणि आचऱ्याच्या मधली एक वाडी. निम्मी पोरं माझ्यासारखी मुंबईहून सुट्टीला आलेली, चाकरमान्यांची. बाकीची तिथलीच. एक मुलगा मात्र लोट्यावर नव्हता, खाली खळ्यात उभा होता. त्याचे वडील आमच्या माडांवर माडी काढायला यायचे. तो त्यांच्याबरोबर यायचा आणि वडील घरी गेले तरी हुमाणं ऐकायला थांबायचा.

पहिलं उत्तर त्याचंच आलं. “माडार बांधतत तां.”

आजी हसली. “नाय रे.”

मग मी ओरडलो, “शिंकाळं!” आणि जिंकलो. स्वयंपाकघरात आढ्याला शिंकाळं टांगलेलं होतं, त्यात दुधाचं मडकं. सकाळीच मी त्याला धक्का देऊन शिव्या खाल्ल्या होत्या. त्यामुळे उत्तर माझ्या डोक्यात तयारच होतं, हुशारीचा प्रश्नच नव्हता.

आमच्या घरी रिवाज होता की हरणाऱ्याने एक गाव द्यायचं. कुठलंही नाही, स्वतः पाहिलेलं. मुंबईच्या पोरांनी न पाहिलेली गावं खिरापतीसारखी वाटायला सुरुवात केली, तेव्हा आजीने हा नियम काढला होता. मी एका सुट्टीत पोईप, मसुरे, कट्टा आणि अर्धा मालवण तालुका हरलो होतो. त्या रात्री त्या मुलाने देवबाग दिलं. ते त्याच्या मामाचं गाव होतं.

ही गोष्ट मी विसरलो होतो. ती पुन्हा आठवली एका ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये, वीस वर्षांनी. तिकडे येतोच, पण आधी हुमाणांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ती काय चीज आहे हे माझ्या वयाच्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

मालवणीत आणि गोव्याच्या कोंकणीतही कोड्याला हुमाण म्हणतात. मराठीत उमाणा असाही शब्द आहे. देशावर काही भागांत उखाणा म्हणजे आजही कोडंच. नवऱ्याचं नाव घ्यायचा उखाणा हा त्याचा एक प्रकार, जो लग्नाच्या व्हिडिओंमुळे टिकला. बाकीचे उखाणे त्या मानाने दुर्दैवी निघाले.

हुमाणांची गंमत अशी की ती जवळजवळ सगळी घरातल्या वस्तूंवर असतात. देव, स्वर्ग, काळ असल्या मोठ्या गोष्टी त्यात फारशा नाहीत. तीन भावांच्या डोक्यावर मिळून एकच पागोटं, म्हणजे चुलीचे तीन दगड आणि वरचं भांडं. शेपूट तेलात आणि डोक्याला आग, म्हणजे वात. दात कपाळाला; चावतो तो आणि खातो आपण, म्हणजे आडाळो. खोबरं किसायच्या विळीला आमच्याकडे आडाळो म्हणतात, आणि तिच्या पात्याच्या टोकाला दातेरी गोल चकती असते. आजीच्या खजिन्यात नारळावरचीच पाच-सहा हुमाणं होती. सिंधुदुर्गात असायचीच.

हे फक्त आपलंच नाही. अमेरिकेत ॲपलेशियन नावाची डोंगररांग आहे. अठराव्या शतकात स्कॉटलंड, इंग्लंड, उत्तर आयर्लंडकडची गरीब माणसं तिथे जाऊन राहिली आणि येताना कोडी घेऊन आली. तिथली कोडीही अशीच : चूल, विहीर, अंडं, केरसुणी. त्यातली मेणबत्ती म्हणजे एक छोटी पोरगी, पांढरा झगा घातलेली, लाल नाकाची, जी जितकी जास्त वेळ उभी राहील तितकी बुटकी होत जाते. मालवणच्या आजीला मेणबत्तीपेक्षा कंदील जवळचा, पण तिला हे कोडं पटकन सुटलं असतं.

आता कोडं आणि साधा प्रश्न यांत फरक काय? “कर्नाटकाची राजधानी कुठली?” हा प्रश्न आहे. तुम्हाला माहीत असेल तर सांगाल, नसेल तर नाही; डोकं खाजवून काही उपयोग नाही. कोड्यात तसं नसतं. कोड्याचं उत्तर ऐकणाऱ्याकडे आधीपासून असतं. त्याने आडाळो रोज पाहिलेला असतो, फक्त त्याला दात आहेत आणि ते कपाळाला आहेत असं कधी वाटलेलं नसतं. कोडं त्याचीच वस्तू त्याच्यापासून क्षणभर चोरतं आणि परत देतं. परत मिळते तेव्हा ती थोडी नवी झालेली असते. उत्तर कळल्यावर आपण “अरे हो!” म्हणतो. राजधानी कळल्यावर कोणी “अरे हो!” म्हणत नाही.

याचा अर्थ असा की वस्तूच माहीत नसेल तर कोडं अवघड होत नाही, ते कोडंच राहत नाही. ॲरिस्टॉटलने कोड्याचं उदाहरण म्हणून एक वाक्य दिलंय : एका माणसाने दुसऱ्या माणसाच्या अंगावर विस्तवाने कांसं चिकटवलेलं मी पाहिलं. तुम्ही कितीही बुद्धिमान असा, आज हे सुटणार नाही. उत्तर आहे तुंबडी. आजारी माणसाच्या अंगावर तापवलेली वाटी उपडी घालून दूषित रक्त ओढायचा जुना इलाज. गंमत म्हणजे मराठीत ‘तुंबड्या भरणं’ हा वाक्प्रचार आपण भ्रष्ट पुढाऱ्यांबद्दल रोज वापरतो, पण तुंबडी पाहिलेला माणूस माझ्या ओळखीत एकही नाही.

उलटंही होतं. हम्प्टी डम्प्टी हे मुळात कोडं होतं. त्या बालगीतात तो अंडं आहे असं कुठेही म्हटलेलं नाही. भिंतीवरून पडून फुटणारा आणि पुन्हा जोडता न येणारा हा कोण, ते ओळखायचं होतं. पण पुस्तकांत त्याला अंड्यासारखं काढायला लागले आणि लुईस कॅरलच्या १८७१ सालच्या पुस्तकानंतर तर त्याचा चेहरा पक्काच झाला. उत्तर चित्रात आलं आणि कोडं मेलं. नर्सरीत आपण सगळ्यांनी ते पाठ केलं आणि एकालाही कळलं नाही की आपल्याला काहीतरी विचारलं जातंय.

आजीला ॲरिस्टॉटल ठाऊक नव्हता, पण ही अट ठाऊक होती. एकदा तिने घिरटावर हुमाण घातलं. घिरट म्हणजे जात्यासारखंच दिसणारं, भात भरडायचं अवजड यंत्र. आमच्याकडचं कधीचंच बंद पडलं होतं, भात गिरणीत जायचं. गावातल्या भावंडांना उत्तर आलं, मला आलं नाही आणि मी रडायला लागलो. आजी उठली, कंदील उचलला, मला पडवीच्या कोपऱ्यात नेलं, गोणपाट बाजूला केलं आणि माझा हात त्या वरच्या पेडावर ठेवला. फिरवून दाखवलं. मग तेच हुमाण पुन्हा घातलं. भावंडं ओरडली की ही चीटिंग आहे.

“जां तो बघूकच नाय, तां वळाखतलो कसा?” आजी म्हणाली.

मला वाटतं, चांगल्या प्रश्नाबद्दल याहून नेमकं मी अजून काही ऐकलेलं नाही. आणि तरीही याच बाईने त्या मुलाकडून देवबाग घेतलं.

आता मीटिंग रूम. मी पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. दोन-तीन वर्षं झाली की आमच्याकडे तुम्हाला नव्या मुलांच्या मुलाखती घ्यायला बसवतात. मला ते सुरुवातीला फार आवडलं. टेबलाच्या त्या बाजूला बसून घाम पुसलेला मी, आता या बाजूला. माझी प्रश्नांची एक फाईल होती, त्यात एक लाडका प्रश्न होता. पत्त्यांच्या कॅटमधून न पाहता दोन पत्ते काढले, तर दोन्ही राजे असण्याची शक्यता किती? सोपा आहे. बावन्नात चार, मग एक्कावन्नात तीन. उत्तर २२१ मध्ये १. ज्याला संभाव्यतेचं मूळ कळलंय तो तीस सेकंदांत सांगतो. मी त्याला कोडं म्हणायचो.

गेल्या वर्षी एका मुलीला हा प्रश्न विचारला. छोट्या गावातल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून आली होती. त्याआधीची उत्तरं बरी होती, फार चमकदार नव्हती. प्रश्न ऐकून ती थांबली आणि म्हणाली, “सर, पत्त्यांमध्ये राजे किती असतात?”

माझ्या शेजारी बसलेला सहकारी किंचित हसला. मी काही बोललो नाही. आम्हाला सूचना होती की हिंट द्यायची नाही, सगळ्यांना समान वागवायचं. मी म्हटलं, “यू कॅन अझ्यूम.” तिने विचार केला आणि म्हणाली, आमच्याकडे घरात पत्ते आणत नाहीत, माळकरी घर आहे. हे ती सबब म्हणून सांगत नव्हती, माहिती म्हणून सांगत होती. मग तिने दहा राजे धरले आणि एकूण पत्ते शंभर धरले, आणि त्यावर आकडेमोड केली. घाईत मी ती नीट तपासलीही नाही. फॉर्मवर लिहिलं : बेसिक्स वीक. पुढच्या फेरीत ती गेली नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर, भांडी घासताना, मी तिची आकडेमोड मनात केली. शंभरात दहा, नव्व्याण्णवात नऊ. गुणाकार ११० मध्ये १. तिने कागदावर हेच लिहिलेलं होतं. हेच बरोबर होतं.

आणि तेव्हा खळ्यात उभा असलेला मुलगा आठवला.

कारण त्याचंही उत्तर बरोबर होतं. माडी काढताना नारळाच्या पोयीला मडकं बांधतात. गळ्याला दोरी, फाशी नाही. थेंब थेंब रस पडून ते भरतं, म्हणजे पोट भरलेलं आणि खाल्लेलं काहीच नाही. खरं सांगायचं तर हे उत्तर शिंकाळ्यापेक्षा सरस आहे. शिंकाळ्यातल्या मडक्यात दूध आपण ओततो, म्हणजे त्याला कोणीतरी भरवलेलं असतं. माडावरचं मडकं आपलं आपण भरतं. त्याने वडिलांना रोज सकाळ-संध्याकाळ ते उतरवताना पाहिलं होतं. आमचं शिंकाळं त्याने पाहिलं नव्हतं, कारण आमच्या स्वयंपाकघरापर्यंत तो कधी आला नव्हता. का आला नव्हता, हे मला तेव्हा विचारावंसं वाटलं नाही. आजीलाही वाटलं नसावं. मुंबईहून आलेल्या नातवासाठी तिने कंदील उचलून घिरट दाखवलं. याच्यासाठी आतलं शिंकाळं दाखवायला कोणी उठलं नाही.

म्हणजे आजीचा नियम योग्य होता, फक्त ‘घर’ म्हणजे कोणाचं घर हा प्रश्न तिने स्वतःला घातला नव्हता. मीही घातला नव्हता. पत्त्यांचा कॅट ‘सगळ्यांच्या’ घरात असतो असं मी धरून चाललो होतो, कारण आमच्या घरी गणपतीत रात्र जागवायला तो लागतोच.

यावर माझ्या सहकाऱ्याशी मी बराच वाद घातला. त्याचं म्हणणं फेकून देण्यासारखं नाही. तो म्हणाला, एकीला बावन्न आणि चार हे आकडे सांगितले, तर आधीच्या वीस जणांवर अन्याय झाला, त्यांना कोणी सांगितले नव्हते. शिवाय प्रत्येक प्रश्न काहीतरी गृहीत धरतोच. उद्या कोणी म्हणेल आमच्या घरी नाणं उडवत नाहीत, परवा कोणी म्हणेल फासे पाहिले नाहीत. असं करत गेलास तर विचारशील काय? आणि शेवटी, जगात वावरणाऱ्या मुलीला पत्ते ठाऊक नसणं ही तिचीही थोडी जबाबदारी नाही का?

पहिला मुद्दा मला बराच वेळ अडवून होता. समान वागणूक म्हणजे सगळ्यांना तेच शब्द ऐकवणं, की सगळ्यांकडून तीच गोष्ट मागणं? आधीच्या वीस जणांकडून मी संभाव्यता मागितली होती. तिच्याकडून मी संभाव्यता आणि पत्ते दोन्ही मागितले. प्रश्न एकच होता, मागणी दुप्पट होती. कागदावर ते समानच दिसतं.

अमेरिकेत कॉलेज प्रवेशाच्या एसएटी परीक्षेत असाच एक प्रश्न गाजला होता. धावपटूचं मॅरेथॉनशी जे नातं, तेच कोणाचं कशाशी? उत्तर होतं, वल्हवणाऱ्याचं ‘रेगाटा’शी. रेगाटा म्हणजे बोटींची शर्यत, आणि ती बघायला मिळायची श्रीमंत मुलांना. प्रश्न तर्काचा म्हणून घातलेला, तपासत होता कोणाच्या बापाची ऊठबस कुठे आहे. टीका होत राहिली आणि २००५ साली त्या परीक्षेतून हा प्रकारच काढून टाकला. मला यात एक वाकडी गंमत दिसते. वल्ही मारण्याबद्दल देवबागच्या पोराला त्या प्रश्न काढणाऱ्यांपेक्षा जास्त कळलं असतं. फक्त त्याच्या वल्हवण्याला रेगाटा म्हणत नाहीत, रापणीला जाणं म्हणतात.

दुसरा मुद्दा, की प्रत्येक प्रश्न काहीतरी गृहीत धरतोच, तो खराच आहे. म्हणूनच विचारणाऱ्यावर काम पडतं. कामाला जे लागणार ते गृहीत धरावं. आमच्या कामात पत्ते लागत नाहीत. (लंच टाइममध्ये लागतात, पण त्याची मुलाखत नसते.) आणि तिसरा मुद्दा, तिची जबाबदारी. तिने ती पार पाडली होती. माहीत नव्हतं म्हणून विचारलं. आमच्या धंद्यात तर हे सोनं आहे. काय हवंय ते न विचारता तीन आठवडे चुकीची गोष्ट बांधत बसणारे इंजिनिअर मी पाहिलेत. त्यातला एक मी होतो.

मी तिला उगाच मोठं करत नाहीये. आकडे सांगितले असते तरी पुढच्या फेरीत ती कदाचित अडकली असती. मला खुपतं ते वेगळंच. फॉर्मवर मी ‘कळलं नाही’ असं लिहू शकलो असतो, कारण मला खरोखरच काही कळलं नव्हतं. मी ‘वीक’ लिहिलं. माझं न कळणं मी तिच्या नावावर टाकलं.

वेताळ पंचविशी तुम्ही ‘चांदोबा’त वाचली असेल, निदान तुमच्या आईबाबांनी तरी. राजा प्रेत खांद्यावर घेऊन चालतो, प्रेतातला वेताळ गोष्ट सांगून प्रश्न टाकतो. अट अशी की उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील. लहानपणी मला ती अट विक्रमासाठी भीतिदायक वाटायची. आता वाटतं, ती विचारणाऱ्यालाही लागू असती तर? त्या खोलीत बावन्न आणि चार हे आकडे माहीत असून गप्प राहिलेला माणूस मी होतो. माझ्या डोक्याचं काही झालं नाही. मी नंतर कॉफी घेतली.

मुलाखतीत कोडी घालणं तसंही जुनं पडत चाललंय. गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक यांनी २०१३ मध्येच जाहीर सांगून टाकलं होतं की असल्या कोड्यांवरून कोण चांगलं काम करेल याचा काही पत्ता लागत नाही, विचारणाऱ्याला आपण हुशार आहोत असं वाटतं इतकंच. ते वाचून मला लाज वाटली, पण थोडा रागही आला, कोड्यांच्या वतीने. ज्याला ते कोडं म्हणतात त्याला आजीने हुमाण म्हटलं नसतं.

तसं पाहिलं तर बदमाश कोडी फार जुनी आहेत. बायबलात सॅमसनची गोष्ट आहे. त्याने एकट्याने सिंह मारला, पुढे त्या सिंहाच्या सांगाड्यात मधमाश्यांनी पोळं केलं, त्यातला मध त्याने खाल्ला. हे कोणालाच माहीत नव्हतं. मग स्वतःच्या लग्नाच्या मेजवानीत त्याने वधूपक्षाच्या तीस जणांना याच प्रसंगावर कोडं घातलं, पैज तीस जोड कपड्यांची, मुदत सात दिवसांची. उत्तर त्याच्या एकट्याच्या आठवणीत होतं. ते तीस जण जगातले सगळ्यात हुशार असते तरी हरले असते. त्यांनी वधूला धमकावून उत्तर काढलं, आणि पैज फेडायला सॅमसनने दुसऱ्या गावातली तीस माणसं मारून त्यांचे कपडे आणले. गोष्टीत सगळेच वाईट वागतात, पण सुरुवात त्या कोड्याने होते. उत्तर ज्याच्याकडे असूच शकत नाही त्याला विचारायचं आणि वर पैज लावायची.

याच्या दुसऱ्या टोकाला स्फिंक्सचं कोडं. सकाळी चार पायांवर, दुपारी दोन, संध्याकाळी तीन. उत्तर माणूस. न सांगता आलं तर मरण, म्हणजे स्फिंक्स काही दयाळू नव्हती. पण कोड्यापुरती ती प्रामाणिक होती. तिच्यासमोर उभा राहणारा प्रत्येक जण उत्तर स्वतःच्या अंगावर घेऊनच यायचा.

माझा पत्त्यांचा प्रश्न सॅमसनच्या बाजूचा होता, हे कबूल करायला मला काही महिने लागले. सिंधुदुर्ग किल्ल्याला होडीतून जाताना नावाडी पर्यटकांना सांगतात की दरवाजा कुठे आहे ते ओळखा. तो दिसत नाही. तटाच्या वळणात असा दडवलाय की अगदी जवळ जाईपर्यंत नुसती भिंत दिसते. १६६४ मध्ये बांधायला घेतलेल्या त्या किल्ल्याला तसा दरवाजा हवाच होता, येणारा शत्रू असू शकत होता. आमच्याकडे येणारी मुलं बायोडाटा घेऊन येतात.

एक गोष्ट मात्र मला माझ्या धंद्यामुळे नीट दिसली. प्रोग्राम तपासायच्या दोन रीती असतात. एक, अपेक्षित उत्तर आधी लिहून ठेवायचं आणि आलेलं उत्तर त्याच्याशी जुळतं का पाहायचं. दोन, उत्तराने कुठल्या अटी पाळायला हव्यात ते लिहायचं, आणि मग काहीही उत्तर येवो, अटी पाळतं का पाहायचं. पहिली सोपी म्हणून आपण ती वापरतो. दुसरीत विचार करावा लागतो. आजीने त्या रात्री पहिली रीत वापरली. तिच्या डोक्यात शिंकाळं होतं, ‘माडार बांधतत तां’ त्याच्याशी जुळलं नाही. गळ्याला दोरी आहे का, पोट भरलेलं आहे का, असं तिने एक-एक पाहिलं असतं तर देवबाग वाचलं असतं. मी ११० मध्ये १ पाहिलं आणि ते २२१ शी जुळलं नाही.

तेव्हापासून मी प्रश्नात लागणारी प्रत्येक वस्तू आधी टेबलावर ठेवतो. पत्त्यांचा प्रश्न काढला नाही, त्यात दोन वाक्यं वाढवली. सहकारी म्हणतो की मी प्रश्न सोपा केला. माझ्या मते आता कुठे तो कोडं झाला. त्या मुलीला शोधून काही सांगावं असंही वाटलं, पण सांगणार काय? तिला नोकरी हवी होती, माझा पश्चात्ताप नव्हे. तिला दुसरीकडे मिळाली असेल असं समजून घेणं मला सोयीचं आहे, म्हणून मी ते समजून घेत नाही.

या चतुर्थीला गावी गेलो होतो. आजी आता लोट्यावर खुर्चीत बसते, कान कमी झालेत. माझी सात वर्षांची भाची तिच्या मागे लागली होती, हुमाण घाल म्हणून. आजीने इकडेतिकडे पाहिलं. घिरट कधीच विकलं गेलंय, शिंकाळ्याच्या जागी फ्रिज आहे, कंदील पाहुण्यांना दाखवायला उरलाय. तिची नजर भिंतीपाशी थांबली.

“दावणीक बांधल्याशिवाय जेवना नाय,” ती म्हणाली, “आणि सोडल्यार दिसभर बोलता.”

भाचीला दावण माहीत नव्हती. आजीने तिला शेजारच्यांच्या गोठ्यात पाठवलं, गाय बघून ये म्हणाली. भाची धावत गेली, धावत आली आणि भिंतीकडे बोट करून किंचाळली, “चार्जिंगला लावलेला मोबाइल!”

दुपारी तो आला, गणपती बघायला. माडीचा धंदा त्याने केला नाही, तारकर्लीला पर्यटकांना समुद्रात नेणारी त्याची बोट आहे. देवाला नमस्कार करून तो थेट माझ्या शेजारी येऊन बसला. मी त्याला वीस वर्षांपूर्वीचं ते हुमाण म्हणून दाखवलं आणि सांगितलं की तुझं उत्तर बरोबर होतं, शिंकाळ्यापेक्षाही बरोबर.

त्याला आठवायला वेळ लागला नाही. “माका म्हायत हा,” तो म्हणाला. “माका तेवांच म्हायत होता.”

मग बोलला का नाहीस, हे विचारायचं मी गिळलं. म्हटलं, तुझं देवबाग परत घे.

तो हसायला लागला. एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे ती चिंचोळी पट्टी. दर पावसाळ्यात तिची धूप होते आणि बातम्यांत येते. त्याच्या मामाच्या घरामागचे माड गेलेत.

“आता तो अर्धो दर्यान खाल्ल्यान,” तो म्हणाला, आणि मोदकासाठी हात पुढे केला. “उरलेलो दी मगे.”